कानसेनाने निवडलेला दगड

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण संगमरवराच्या ठोकळ्यावर हातोडीची एक टिचकी मारायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा: खणखणीत आहे, घ्या, नाहीतर बद्द आहे, राहू द्या. चांगला दगड घंटेसारखा वाजतो. पोटात चीर असली, तर वरून दुधासारखा दिसणारा दगडही फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. कारखान्यात हा फरक त्याच्याइतका नेमका कोणालाच कळत नसे आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

कारखाना नकलांचा होता. संगमरवरात जे जे म्हणून थोर काम जगात झालंय, ते इथे मागणीप्रमाणे करून मिळे. हात तुटलेली प्राचीन देवी, खांद्यावर गोफण टाकून उभा असलेला उघडा तरुण, मेलेला मुलगा मांडीवर घेऊन बसलेली आई, चेहऱ्यावर दगडाचीच झिरझिरीत ओढणी असलेली बाई. हॉटेलांच्या दारांत आणि श्रीमंतांच्या जिन्यांवर कानसेनाच्या हातची अशी बरीच मंडळी उभी होती. मूळ मूर्ती त्याने एकही पाहिली नव्हती. प्लास्टरचा नमुना समोर ठेवायचा, सुईच्या चौकटीने खोली मापायची आणि तेवढंच दगडात आत शिरायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. तरी त्या जुन्या शिल्पकारांबद्दल तो घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल बोलावं तसा बोले. गोफणवाल्याचा हात अंगाच्या मानाने मोठा आहे असं कोणी म्हटलं, की याचा पारा चढलाच.

“त्याला काय दिसत नव्हतं? मोठा हवा होता म्हणून मोठा केला. आपण कोण लागून गेलो दुरुस्त करणारे?”

त्याला एकुलती एक मुलगी होती. शाळेत जायला लागली आणि तापाने गेली. फोटो होता एकच, आणि त्यातही तिने ऐन वेळी मान हलवलेली. त्यामुळे तिचा चेहरा उरला होता तो फक्त त्याच्या आणि बायकोच्या डोक्यात, आणि तिथूनही तो पुसट व्हायला लागला होता. “मला तिचं नाक आठवत नाही हो,” असं बायको एकदा जेवता जेवता म्हणाली आणि तिने ताट सरकवलं. पोर दुसऱ्यांदा चालली होती, आणि या वेळी तर डॉक्टरकडेही नेता येत नव्हतं.

इकडे कानसेनाचे कान गेले होते. छिन्नीने आणि दगड कापायच्या यंत्राने ते हळूहळू खाल्ले. समोरच्याचे ओठ बघून, कधी नुसत्या अंदाजाने, “हो”, “बघू”, “चालायचंच” असं म्हणत तो वेळ मारून नेई. माणसाने एवढ्या भांडवलावर बरीच वर्षं काढली. यावरून लोक एकमेकांचं किती ऐकतात ते समजून घ्यावं. बायकोला वाटे, पोर गेल्यापासून हा घुमा झालाय. कान गेले हे कळलं, तर कारखान्यात आपलं काय उरलं, या धास्तीने त्याने तिलाही सांगितलं नाही.

मुलीची मूर्ती करायचं त्याच्या मनात आहे हे कळल्यावर मालकाने मागच्या अंगणातल्या दगडांकडे बोट दाखवलं. “हवा तो उचल. तुला काय निवडून द्यायचं, तूच आम्हाला देतोस.” सगळे गंमत बघायला गोळा झाले. कानसेनाने एका पांढऱ्याशुभ्र ठोकळ्यावर टिचकी मारली आणि मान तिरकी केली. ऐकू काही आलं नाही. मनगटात मात्र नेहमीसारखा बारीक कंप आला, त्यालाच त्याने आवाज मानलं. पॉलिशवाला शेजारीच उभा होता, जुना दोस्त. “तू जरा ऐक रे,” एवढं म्हणायला काय धाड भरली होती? पण चारचौघांत कानसेनाने दुसऱ्याचे कान उसने मागायचे? तो म्हणाला, “खणखणीत आहे.”

काम सुरू झालं आणि भलतीच अडचण उभी राहिली. हातांना सवय दुसऱ्यांच्या चेहऱ्यांची. नाक घडवावं तर ते प्राचीन देवीचं सरळ नाक होई, ओठ घडवावेत तर ओढणीवालीचे. बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि मूर्तीसमोर उभी राहून मान हलवायची. “ही आपली नाही. ही त्या मांडीवाल्या आईची कोणीतरी आहे.” दगडात चूक पुसता येत नाही, फक्त आणखी आत जाता येतं. तो आत आत जात राहिला. चेहरा लहान होत गेला, आणि तसतसा त्यातून त्या जगप्रसिद्ध बायकांचा एकेक अवयव निघून गेला.

मध्ये एकदा पॉलिशवाला पाठमोरा असताना म्हणाला, “कानसेन, तुझा दगड जरा बद्द वाजतोय का रे?”

“आत्ता नको, मागाहून घेईन चहा,” कानसेन म्हणाला.

पॉलिशवाल्याला वाटलं, आपल्याला आपल्या कामापुरतं राहायला सांगितलं. त्याने फुरंगटून तो विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी एका दुपारी बायको आली, तिने डबा खाली ठेवला आणि त्या दगडी गालाला हात लावला. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “आली.” हे मात्र त्याला ओठांवरून नीट कळलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने तिला एवढं सुखी पाहिलं नव्हतं.

वेणी घासायची तेवढी राहिली होती. तो मूर्तीच्या मागे बसून पाण्याने वेणी घासत होता, बायको पुढे बसून नुसती बघत होती. जेवणाची वेळ, यंत्रं बंद. तेवढ्यात काड्‌ असा आवाज झाला. पॉलिशवाल्याच्या हातातला घास तसाच राहिला. मालक आतून बाहेर आला. पोरीच्या कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत चीर गेली होती. सगळ्यांनी आधी चिरेकडे पाहिलं आणि मग कानसेनाकडे. तो घासतच होता.

बायको उठून त्याच्यापाशी गेली. “तुम्हाला ऐकू नाही आलं?”

त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि तो हसला. “हो, आली की नाही शेवटी?”

तिने त्याचा ओला हात धरला आणि त्याला पुढे आणलं. त्याने पाहिलं. नखाने चीर वरपासून खालपर्यंत चाचपली. नाकाचे दोन्ही भाग दाबून एकत्र आणायला गेला, तर एक गाल सुटून त्याच्या हातात आला.

“चीर आधीपासून होती,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली.”

बायको तिथेच उभी होती. “मग रोज स्वयंपाक करताना मी तिच्याबद्दल बोलायचे,” ती म्हणाली, “ती कशी हसायची, काय काय म्हणायची, मला आठवत होतं तोवर सगळं तुम्हाला सांगून ठेवलं, ते?”

कानसेन हातातल्या गालाकडे बघत होता. तिने काही विचारलं, हे त्याला कळलंच नाही.