गळालेले रुग्ण

डॉक्टरमंडळी तिला पाठीमागे ‘चाळणीबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. वैद्यकीय संशोधनाच्या एका त्रैमासिकात ती सहसंपादक होती. दोन खोल्यांची कचेरी इस्पितळाच्या धुलाईखान्यावर, त्यामुळे फरशी बारा महिने कोमट आणि कागद कायम दमट.

पूर्वी ती फक्त भाषा सुधारायची, तेव्हा सगळ्यांची लाडकी होती. मग संपादकांनी नियम कडक केले. औषधाची चाचणी ज्यांच्यावर सुरू केली, त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लेखात आलंच पाहिजे. मधेच औषध सोडलेल्यांना गाळायचं आणि उरलेल्यांच्या जोरावर औषधाचं गुणगान करायचं, हे आता चालणार नव्हतं. नियम संपादकांचा; पण पत्रं हिने पाठवायची आणि बोलणीही हिनेच खायची. “तुमच्या त्रैमासिकाला विचारतंय कोण?” हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

अशात धाकट्या दिराचा लेख आला. भावजी हाडांचे डॉक्टर. गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी त्यांनी केली होती, आणि विभागप्रमुख व्हायचं तर हा लेख छापून यायला हवा होता. चाचणी सुरू झाली साठ जणांवर, निकालात उरले त्रेचाळीस. बाकीच्यांबद्दल अवाक्षर नाही.

ती लेख घेऊन सरळ संपादकांकडे गेली. “हे माझे दीर. याचा निर्णय मी करणार नाही.”

म्हाताऱ्या संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. “बरं. मी बघतो.” “गळालेल्या सतरा जणांचं काय झालं?” असं विचारून त्यांनी लेख परत धाडला.

फोन मात्र तिलाच आला. “वहिनी, घरचं माणूस आत असून ही गत?”

“निर्णय त्यांचा आहे, भावजी.”

“लोक औषधं सोडतातच हो! त्यात काय एवढं?”

“का सोडली, तेवढंच लिहा ना.”

पलीकडून फोन आपटला गेला. जावेचे फोनही बंद झाले. नवरा म्हणाला, “एका लेखाने काय आभाळ कोसळणार होतं?”

“मलाही कधीकधी तसंच वाटतं,” ती म्हणाली आणि पाय चोळत बसली.

शेवटी सासूबाईंनीच दोन्ही लेकांना सहकुटुंब जेवायला बोलावलं. सगळे खाली मान घालून जेवत होते. सासूबाई गुडघा दाबत म्हणाल्या, “अरे, तुझी ती नवी गोळी जगाला देतोस, मग मलाच का नाही?”

“तुला नको, आई.”

“का रे?”

“चक्कर येते तिने. तू घरात एकटी, कुठे पडलीबिडलीस तर...” आणि भावजी थांबले.

तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण ती घोटभर पाणी प्यायली. बोलली ती जाऊ. “म्हणजे दुसऱ्यांच्या आया पडल्या तर चालतं?”

भावजी अर्ध्या जेवणावरून उठले. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग लेख परत आला. औषध सोडलेल्यांना भावजींनी स्वतः फोन केले होते. काही जण सापडलेच नाहीत, हेही त्यांनी लिहिलं होतं. सापडलेल्यांपैकी बहुतेकांना चक्कर आली होती, आणि एका आजींचं मनगट मोडलं होतं. निष्कर्ष बदलला: दुखणं थोडं कमी होतं, पण वयस्कर माणसांना ही गोळी देऊ नये. लेख अंकाच्या शेवटच्या पानांत छापून आला. त्याचा बोलबाला झाला नाही. विभागप्रमुखपद दुसऱ्याच कुणाला मिळालं.

अंक निघाल्यावर भावजींचा फोन आला. “वहिनी, दुसऱ्या तक्त्यात एक आकडा चुकलाय. मी बरोबर दिला होता.”

तिने पाहिलं. छपाईआधीचं शेवटचं वाचन तिचंच होतं, आणि शिणलेल्या डोळ्यांना सहाचा नऊ झालेला दिसला नव्हता.

“माझी चूक, भावजी. पुढच्या अंकात दुरुस्ती छापते.”

“छापाच,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, “दमलात का फार?”

“हो,” ती म्हणाली, आणि दुरुस्ती लिहायला घेतली.