आईचं नाक, बाबांची सही

आईने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब जिभेवर ठेवला नाही, पण दारूतलं तिच्याइतकं कळणारं माणूस अख्ख्या अंबरपेठेत नव्हतं. मुलगी म्हणून कौतुक करत नाहीये. एका इंपोर्टेड स्कॉचचा नुसता वास घेऊन ती म्हणाली होती, "दवाखान्याच्या आवारात कुणीतरी चूल पेटवलीय." पुढे नोकरीला लागल्यावर मी ती स्कॉच स्वतः पिऊन पाहिली. अगदी तसंच.

माझे बाबा, हिम्मतराव, कुकटपल्लीच्या एका कंपनीत दारूची परीक्षा करायला होते. प्रत्येक लॉट आधी त्यांच्या नाकाखालून जायचा आणि रजिस्टरमध्ये त्यांची सही झाली की मगच माल हलायचा. त्या नाकाचा त्यांना फार तोरा. मग पंच्याण्णवमध्ये आमच्या तेलुगू राज्यात दारूबंदी आली आणि कंपनीला टाळं लागलं. त्या रिकामपणात बाबांना सर्दीने धरलं, ते सहा महिने सोडलं नाही. सत्त्याण्णवमध्ये बंदी उठली, कंपनी उघडली, पण बाबांचं नाक काही उघडलं नाही. साहेबांना हे कळलं असतं तर नोकरी गेलीच होती. म्हणून त्यांनी ते सगळ्यांपासून लपवलं, आईपासूनसुद्धा.

रोज संध्याकाळी ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून सँपल घरी आणायचे. सकाळी आईची पूजा आटोपली की वाटीत ओतून तिच्यापुढे सरकवायचे.

"अगं, सहज सांग. तुला काय वाटतंय?"

आई वाटी नाकाशी न्यायची आणि बिनदिक्कत सांगून मोकळी व्हायची. रम असली तर, "करपलेला गूळ, वर लवंग. चांगली आहे." ब्रँडी म्हणजे, "दिवाळीच्या मनुकांचा डबा संक्रांतीला उघडलाय." जिनला ती म्हणाली, "धने. आणि सुई टोचायच्या आधी दंडाला लावतात ते." कंपनीत कुणीतरी नाशिककडची वाइन आणली होती, तीही घरी आली. "जांभळं झाकून ठेवली आणि विसरले. पण स्वभावाने बरी आहे, भांडखोर नाही."

एकदा मात्र व्हिस्कीची वाटी तिने लांब ढकलली. "ओल्या पोत्यात गंजका पत्रा. ही कुणाला पाजू नका जी."

बाबांनी तो लॉट अडवला. तपासलं तर एक टाकी खरंच आतून गंजली होती. कंपनीने बाबांना मनगटी घड्याळ दिलं. आईला काय मिळालं? मोगऱ्याचा एक गजरा. मला त्याचा अजून राग येतो.

अठ्ठ्याण्णवच्या आषाढात बोनालू सणाचा रविवार आला. आमच्या गल्लीत देवीसाठी मडकी सजत होती, दारोदारी कडुलिंबाच्या डहाळ्या, हळदीचं पाणी, गुग्गुळाचा धूर. त्यात बाबांनी वाटी पुढे केली.

"आज नक्को," आई म्हणाली. "घरभर कडुलिंब भरलाय. मला दुसरं काही कळेना."

"सांग की पटकन. उद्या सकाळीच लिहायचंय."

आईने वास घेतला. "कडू वास येतोय. पण खरं सांगते, भरवसा नाही."

बाबांनी भरवशाचं वाक्य गाळलं आणि सोमवारी रजिस्टरमध्ये लिहिलं, कडवट, लॉट सोडू नये. तीनशे पेट्या अडकल्या. प्रयोगशाळेने माल स्वच्छ असल्याचं कळवलं. नव्या मालकांनी पुण्याहून पाठवलेले सारंग साहेब वयाने तरुण, पण बारकाईने बघणारे. त्यांनी बाबांना बोलावलं. "काका, गुरुवारी माझ्यासमोर पाच ग्लासांचा वास घ्या. तेव्हाच ठरवू."

बाबा दोन दिवस जेवले नाहीत. गुरुवारी सकाळी आईला म्हणाले, "चल माझ्यासोबत." एवढंच. कंपनीतल्या सगळ्या पुरुषांत एकटी बाई कशी दिसेल, म्हणून आईने मला घेतलं. माझी इंटरची, म्हणजे बारावीची, परीक्षा झालेली, मी रिकामीच होते.

टेबलावर पाच ग्लास. बाबा त्यांच्यापुढे उभे राहिले आणि हातही न लावता म्हणाले, "साहेब, दोन वर्षं होऊन गेली, मला कशाचाच वास येत नाही. आतापर्यंत जे लिहिलं ते हिचं आहे. चूक झाली ती माझी. ती नको म्हणत होती."

सारंग साहेबांनी ग्लास आईकडे सरकवले. आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती पुढे झाली. "हे दोन एकच आहेत. ह्यात पाणी जास्त. हा गूळवाला, चांगला. आणि हा..." तिने ग्लास पुन्हा नाकाशी नेला, "हाच रविवारचा. ह्यात कडू काही नाही. कडू माझ्या घरात होतं."

पाचही बरोबर निघाले. साहेबांनी तीनशे पेट्या सोडल्या, बाबांना स्टोअरमध्ये बदललं आणि आईला विचारलं, पहिल्या तारखेपासून याल का? आई म्हणाली, "येईन. पण पिणार नाही. आणि सही माझी पाहिजे." इतका अभिमान मला पुन्हा कधी कुणाचा वाटला नाही.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. बाबा हळूच आईला म्हणाले, "तुला आधीच सांगायला पाहिजे होतं."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"वाटी पुढे करायला लागलात त्याच आठवड्यापासून. तुमच्या शेजारी शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि तुम्ही पेपर वाचत बसला होता."

बाबा तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही विचारायचं बंद केलं असतं," आई म्हणाली. "बावीस वर्षांच्या संसारात, तुला काय वाटतं म्हणून तुम्ही मला पहिल्यांदा विचारत होता."