बेटीआजीच्या हातचं

गिरीज गावात बेटीआजीच्या हातचं खाल्लं नाही असं माणूस नव्हतं, आणि ती ते कुणाला विसरूही देत नसे. लग्न असो की बाप्तिस्मा, पातेल्यापाशी ती, बाकीच्या बायका कांदे कापायला. अशा बाईच्या घरात सात वर्षांच्या ॲनिशासारखी नात यावी, हा देवाने उगवलेला सूडच म्हणायचा.

ॲनिशाला ओलं चालत नसे, बुळबुळीत चालत नसे. भाताला डाळ लागली तर ताटच सरकवायची. चालायचा फक्त पाव, तोही कडा काढलेला. आणि डॉक्टरांनी नेमका गहूच बंद केला. त्यातलं ग्लुटेन तिच्या आतड्यांना सोसत नव्हतं.

"नखरे आहेत. आमचा क्लिफर्ड, हिचा बाप, दोन फटके दिले की दुधीपण खायचा," बेटीआजीने निकाल दिला.

सून स्टेफी वाद घालत बसली नाही. ती रोज तांदळाच्या रोटीचा तुकडा वेगळ्या बशीत ठेवायची, खा म्हणायची नाही. ॲनिशाने आधी बोट लावलं, पुढे वास घेतला, मग जीभ. "आमच्याकडे रोटीचा बघण्याचा कार्यक्रम चाललाय, होकार काही येत नाही," आजी शेजारणींना सांगे. होकार आला, तेव्हा मात्र रोट्या आपणच भाजतो म्हणून सगळं श्रेय तिने खुशाल उचललं.

मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना झाली आणि बेटीआजीचा रव्याचा केक वाटला गेला. नातीने घेतला नाही.

"बेटीबाय, घरचीच खात नाही?" शेजारची जुलियाना म्हणाली. एवढं पुरलं. आजीने तुकडा ॲनिशाच्या तोंडाशी नेला.

"यात गहू आहे?" पोरीने विचारलं.

"नाही गं."

रवा कशाचा होतो हे बेटीआजीला पक्कं ठाऊक होतं. क्रूस हाताच्या अंतरावर होता. पावासारखा मऊ लागला म्हणून पोरीने खाल्ला, आणि आजीने ऐटीत जुलियानाकडे बघितलं.

पुढे दोन दिवस ॲनिशा पोट धरून कळवळत होती. स्टेफीने पोरीसाठी वेगळा तवा आणला.

पोर उठून बसली तेव्हा आजीने हात दोनदा धुऊन, वेगळ्या तव्यावर रोटी भाजली.

"यात गहू आहे?"

"नाही, बाळा. देवाशपथ."

"तेव्हापण नाहीच म्हणालीस," ॲनिशा म्हणाली, आणि आई कामावरून येईपर्यंत उपाशी बसून राहिली.

बेटीआजी बशी धरून उभीच होती. खरं बोलण्यापलीकडे तिच्याकडे काही उरलं नव्हतं, आणि ते तर बोलून झालं होतं.