शेतातली हवाई पट्टी

टोंकखुर्दच्या तहसीलमध्ये मी प्लॉटच्या डायव्हर्जनसाठी, म्हणजे जमीन बिगरशेती करून घ्यायला, खेटे घालत होतो, तेव्हा एक गृहस्थ नेहमी शेजारच्या बाकावर असायचे. नाव मी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. बाबूसमोर उभे राहिले की ते उजवा हात खांद्याइतका उंच धरायचे आणि तळवा सपाट ठेवून हळूहळू टेबलावर उतरवायचे. त्यांना आपल्या शेतात धावपट्टी करायची होती.

"खेती, मकान, दुकान. इनमें से क्या?" बाबूने विचारलं.

"हवाई पट्टी."

बाबू हसला नाही. कॉम्प्युटरमध्ये तसं काही सापडेना, म्हणून त्याने चहा मागवला.

"विमान आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आधी ओटा बांधतात, भिया. पाहुणे मग येतात."

शेवटी पटवारी शेत बघायला मोक्यावर गेला. गृहस्थांनी रोलर फिरवून शेत इतकं गुळगुळीत केलं होतं, की साऱ्या गावाने त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. विमान काही आजच येणार नव्हतं. पटवाऱ्याने बघितलं आणि 'खलिहान' लिहून टाकलं, म्हणजे आपलं खळं. खळ्याला कुणाची परवानगी लागत नाही. काम झालं.

मी अभिनंदन केलं. त्यांचा हात सवयीने वर गेला, खाली येऊ लागला आणि टेबलापासून वीतभर वर थांबला.

"खळ्यात जोडे घालून कुणी उतरत नाही, भिया," ते म्हणाले. "आता पायलटला काय सांगू?"