मोटारीखालचा डाग

तेलाच्या डागावर आधी पाणी ओतणाऱ्या माणसांशी माझं कधी जमलं नाही. तेल सांडलं की ही माणसं बादली घेऊन धावतात, खराट्यानं घासतात आणि तळहाताएवढा डाग सुपाएवढा करून ठेवतात. वर पुन्हा म्हणतात, निघतच नाही हो. निघेल कसा? तुम्हीच त्याला पसरायला मदत केलीत.

हे मत पुस्तकातलं नाही. वैजापुरात माझ्या वडिलांचा करडईचा घाणा होता. तेल सांडणं आमच्याकडं रोजचंच, आणि ते कोरड्यानं उचलायचं असतं हे आम्हा बहिणींना कुणी शिकवावं लागलं नाही. लग्न होऊन मी औरंगाबादेत आले ती मात्र वकिलाच्या घरात. निजामाचा अंमल होता, कोर्टाचं काम उर्दूत चाले, आणि सासरे घरातही मराठी बोलता बोलता उर्दूत शिरत. नवरा वकिलीच्या अभ्यासाला हैदराबादेत. घरात माझी ओळख ‘घाण्यावरची’ अशी. सासूबाई हे चिडवायला म्हणत की खरंच कमी लेखत, याचा त्या पत्ता लागू देत नसत.

सासऱ्यांनी एक जुनी मोटार घेतली होती आणि तिच्यासाठी फाटकापासून पोर्चपर्यंत काँक्रीटची वाट करून घेतली होती. आमच्या भागात तेव्हा सगळीकडे फरशी नाहीतर माती. आलेल्या पक्षकाराला ते आधी त्या काँक्रीटवरून चालवत आणि मग त्याचं म्हणणं ऐकत. त्याच काँक्रीटवर, अगदी पोर्चसमोर, मोटारीनं काळं तेल गाळलं. गड्यानं पाणी ओतून वाळूनं घासलं. डाग वाढला. सासरे इतके खट्टू झाले की पक्षकारांना मागच्या दारानं बोलवू लागले.

मला डागाचं काही वाटत नव्हतं. मला मोटार चालवायची होती. माहेरी मी बैलगाडी हाकली होती. इथं मला मागच्या सीटवर बसवून दोन्ही बाजूंचे पडदे ओढून घेत. कुठून चाललोय ते मला वासावरून ओळखावं लागे. भज्यांचा वास आला की गुलमंडी. असल्या बसण्याचा मला संताप येई. म्हणून एका सकाळी मी सासऱ्यांना सरळ सांगितलं की दसऱ्याच्या आत डाग मी काढते, पण मग मला मोटार शिकवायची. सासूबाईंच्या हातातला अडकित्ता थांबला. सासरे हसले. वकील माणूस, त्यांना वाटलं असणार की न होणाऱ्या गोष्टीला हो म्हणायला काय जातं. त्यांनी ड्रायव्हरला बोलावून साक्षीला ठेवलं. ड्रायव्हर म्हणजे आमचे चाचा, पिकल्या दाढीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘जी’ म्हणाले.

मी कामाला लागले. मोटार बाजूला लावायला सांगितली. आधी चुलीची राख चाळून डागावर दाबली आणि वरवरचं तेल उचललं. मग पांढरी माती आणि विझवलेला चुना यांत रॉकेल घालून जाडसर गारा केला, डागावर भाकरीएवढा जाड थापला आणि वर गोणपाट टाकलं. एवढं झालं की हात लावायचा नाही. खरी कसोटी इथंच असते, कारण बघणाऱ्यांना वाटतं बाई काही करतच नाही. सासूबाई येता-जाता त्या गोणपाटाकडं बघून घसा खाकरत. गारा वाळला की मी खरवडून काढी. खालची बाजू काळी झालेली असे. तेल मातीनं ओढून घेतलेलं. पुन्हा नवा गारा. असं करता करता एका दुपारी माती पांढरी ती पांढरीच निघाली. शेवटी मी नुसता कोरडा चुना ब्रशनं चोळला, म्हणजे सगळीकडचा रंग एकसारखा दिसेल. सासरे चष्मा पुसून पुसून डाग शोधत राहिले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी उगीचच दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

खंडेनवमीला मोटारीची पूजा. मोटार तिच्या जागी, पोर्चसमोर उभी केली. सासूबाईंनी टपावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांवर तांब्याभर हळदीचं पाणी ओतलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली. चाचांनी मोटार पुढं घेतली, लिंबं फुटली, आणि खालचं काँक्रीट उघडं पडलं. तिथं लालभडक ओघळ पसरले होते. गडी नारळ-लिंबांचं ताट घेऊन दोन पावलं मागं सरला.

“रगत मागती ही मोटार,” सासूबाई म्हणाल्या. “कुंकू म्या खाली सांडलं नाय. घरातल्या बाईनं हिला हात लावायचा नाय, आन् दिवाळीच्या आत ही विकून टाका.”

सासरे चष्मा काढून पुसू लागले. भर कोर्टात कुणापुढंही न हटणारा माणूस, पण बायकोच्या अपशकुनापुढं त्यांनी नुसती मान डोलावली. एवढी मेहनत करून मी पुन्हा पडद्याआड जाणार होते, तेही कायमची. मग मला राग आला, आणि राग आला की मला नीट दिसतं. मी खाली वाकून बघितलं. सगळीकडे लाल होतं, पण जिथं लिंबू फुटलं होतं तेवढी जागा पिवळी होती.

मी आत जाऊन सासूबाईंचा पानाचा डबा आणला. त्यातला चुना माझ्या तळहातावर घेतला, त्यावर पूजेतली हळद टाकली आणि बोटानं कालवली. तळहात लाल झाला. हाच लेप सासूबाई पाय मुरगळला की घोट्याला लावत. इतक्या वेळा मीच कालवून दिला होता. मग चाकाखाली फुटलेलं लिंबू उचलून त्यावर पिळलं. लाली उतरली, हळद पुन्हा पिवळी.

“आत्याबाई,” मी सासूबाईंना म्हटलं, “चुना माझा, हळद तुमची. रगत कुणाचंच नाय.”

त्या माझ्या हाताकडं बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या घोट्याकडं बघितलं. हसल्या नाहीत. गड्याला म्हणाल्या की ताटातली उरलेली लिंबं दे, आणि पदर खोचून स्वतःच काँक्रीटवर पिळायला बसल्या. सासऱ्यांना मात्र एकदम वाचा फुटली. आपल्याला हे आधीपासून माहीत होतं, असं ते चाचांना सांगू लागले. चाचा ‘जी’ म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी चाचांनी उजवीकडचं दार उघडलं आणि स्वतः पलीकडं जाऊन बसले. मी स्टिअरिंगपुढं बसले. सासरे पोर्चमध्ये उभे राहिले. मागं कोण बसलंय ते बघायला मी मान वळवली, तर सासूबाई, नवं लुगडं नेसून. पोरगी कशी चालवते ते बघायला आलेय, असं त्या चाचांना सांगत होत्या. मोटार दोनदा आचके देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा ती हलली, आणि त्या फिक्या पिवळ्या जागेवरून फाटकापर्यंत गेली. ठरलं होतं फाटकापर्यंतच. मी ब्रेक दाबला.

मागं पडद्याच्या कड्या खळखळल्या. सासूबाईंनी आधी एका बाजूचा पडदा पुरता सारला, मग दुसऱ्या बाजूचा, आणि रस्त्याकडं बघत म्हणाल्या, “थांबलीस कशाला? चल की.”