अळंबीला बोट दाखवू नये

जगातल्या यच्चयावत सुजेशी जन्माचं वैर धरलेला माणूस मी एकच पाहिला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्या भरणारे पिंजारी चाचा. नंदुरबारात माणसं भेटली की एकमेकांची तोंडं बघत. चाचा गुडघे बघत. मग घोटे, मग मनगटं. तिथं काही गवसलं नाही तरच "कसा शे रे?" म्हणून विचारत. सुजेवर त्यांचा इलाज एकच, वारुळावर उगवणाऱ्या अळंबीचा काढा. तो त्यांनी पाहुण्यांना पाजला, जावयाला पाजला, कुंभाराच्या गाढवालाही सोडलं नाही. एका पावसाळ्यात आमचं दार फुगून चौकटीत अडकलं, तेव्हा चाचांनी त्यावरून हात फिरवला आणि गंभीरपणे आईला विचारलं, "भाबी, याले बी दिऊ का वाटीभर?"

श्रावणात ते धानोऱ्याकडच्या एका बांधावर जात आणि अळंबी आणून तिच्या माळा दुकानाच्या आढ्याला टांगत. त्यामुळे त्या दिवसांत भरलेल्या गाद्यांना महिनाभर ओल्या मातीचा वास येई. नव्या नवरीमुलींची त्याबद्दल तक्रार असे. वाळलेली अळंबी सुंठ घालून उकळायची, आठ तांब्यांचा एक तांब्या होईपर्यंत. पहिली वाटी ते स्वतः पीत आणि दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून पुकारत, "जित्ता शे मी! या आते!"

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे मी तेव्हा लपवलं नाही, आजही लपवत नाही. पुण्याहून आल्या आल्या मी चाचांना ऐकवलं, की अळंबीत सूज उतरवणारं द्रव्य असेलही, पण ते वेगळं काढून, तोलून, तपासून दाखवल्याशिवाय मी मानणार नाही. चाचांनी पिंजणाची तार थांबवली नाही. "तू बी.एस्सी. व्हयना ना? मंग उतार तुन्ही मायनी सूज."

आईनं लोकांची दळणं दळून मला शिकवलं होतं, आणि जात्यापुढे बसून बसून तिचे गुडघे भोपळ्यासारखे झाले होते. तिची इच्छा एकच. आकाश निवळलं की आमच्या घराच्या सपाट मातीच्या छतावरून, धाब्यावरून, सातपुड्याची निळी रेघ दिसे. ती रेघ जन्मभर लांबून पाहिली, एकदा स्वतःच्या पायांनी तोरणमाळ चढून तिथलं तळं पाहावं, एवढंच. आता तर तिला धाब्याची शिडीही चढवत नव्हती.

मी वही-पेन्सिल घेऊन चाचांबरोबर बांधावर गेलो. अटी दोन होत्या. बोलायचं नाही, आणि बोट दाखवायचं नाही. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं तर तो सडतो, हे आपल्याकडे पोरंसोरंही जाणतात. चाचांच्या मते अळंबी त्याहून लाजाळू. दाखवायचीच तर कोपरानं. मी बरोबर एक तास नियम पाळले. मग वारुळावर पांढरीशुभ्र छत्र्यांची दाटी दिसली आणि माझा बी.एस्सी. हात वर गेला. "चाचा, ती बघा!"

चाचांनी माझं बोट हळूच मुठीत मिटवलं. "ऱ्हाऊ दे भाऊ. आते देखी लिधं तिनी तुन्हं बोट."

त्या वर्षी आईनं काढा घेतला. दिवाळीला गुडघे उतरले, संक्रांतीला ती शिडी चढून धाब्यावर बसली. चाचा खालून ओरडले, "भाबी, आखो एक पावसाळा! मंग तोरणमाळ!" आई लाजली. त्या दिवशी ती मला वीस वर्षांची वाटली.

पुढच्या श्रावणात वारूळ कोरडं राहिलं. पाऊस कमी पडला असेल, बांधावर नांगर फिरला असेल. कारणं मला पाठ होती. चाचांनी आईला एवढंच सांगितलं, "अवंदा अळंबी रुसनी, भाबी." माझ्या बोटाचा उल्लेख त्यांनी तिच्यापाशी कधीच केला नाही. दुकानात मागच्या वर्षीची एक शेवटची माळ होती, तीही आणून दिली. महिनाभरानं पाहिलं, तर चाचा डाव्या हातानं पिंजत होते. उजवा खांदा मानेपर्यंत सुजला होता. आईला दिलेली ती माळ त्यांनी खरं तर स्वतःसाठी राखलेली होती.

ती संपली आणि आईच्या गुडघ्यांवर सूज परत आली. आई तोरणमाळला गेली नाही. शेवटच्या आजारात तिनं खाट धाब्यावर न्यायला लावली, आणि चाचांनी गादी भरून दिली, नवी, मऊ, माळांखाली मुरलेल्या कापसाची, म्हणून अजून मातीच्या वासाची. वर्षभरात चाचाही गेले.

मी परवा एकटाच तोरणमाळ चढलो. तळ्याच्या वाटेवर एका वारुळावर अळंबी फुलली होती, मूठ-मूठभर, दवानं ओली. मी वास घेतला. द्रव्य कोणतं ते मला अजून ठाऊक नाही. हात वर जाऊ लागला, मी मूठ मिटली, आणि शेजारी कोणी नसताना कोपर तिकडे वळवून हळूच म्हणालो, "ती बघ, आई."