बदकांचं हळदीकुंकू

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या गृहस्थांबद्दल लिहिणार आहे, त्यांनी माझ्या पदवीचं नाव घेऊनच माझ्या आईचा अपमान केला होता. त्याचा सूड मी घेतला. तेवढंच इथं लिहायचं आहे.

खराडीत तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या मागं नदीकाठी आमची वावरं आणि वावरांपलीकडं पाणकणसांनी भरलेली पाणथळ जागा. थंडीत तिथं बदकांची गर्दी व्हायची. शहरातल्या पक्षिमित्रांच्या गटात मीही जायचे. गटाचे प्रमुख कसबा पेठेतले, त्यांना सगळे सर म्हणत. मुळा-मुठेपासून थेट उजनी धरणाच्या फुगवट्यापर्यंत जेवढ्या पाणथळ जागा आहेत, त्या सगळ्यांवर एकाच रविवारी मोजणी करायची आणि पुढं सगळ्या गावांची मिळून कायमची भागीदारी उभी करायची, ही कल्पना त्यांची. इथली घाण तिथं पोचते, तिथले पक्षी इथं उतरतात, मग राखणही एकत्रच हवी. कल्पना सोन्यासारखी होती, आजही तसंच म्हणेन. माणसाचं वेगळं.

पहिल्या मोजणीआधी सरांनी देवळाच्या भोंग्यावर सांगायला मजकूर दिला: 'रविवारी सकाळी सात वाजता नदीकाठी हळदीकुंकू, थापट्या इत्यादींची मोजणी. महिलांनीही यावे.' आता थापट्या हे जसं बदक, तसं हळदीकुंकू हेही एका बदकाचंच नाव. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग, मुळाशी लाल ठिपके, म्हणून. पण दिवस संक्रांतीचे. देवळातल्या गुरवानं न कळलेले शब्द गाळले आणि ठणकावून सांगितलं, महिलांनी नदीकाठी हळदीकुंकवाला यावं.

आमची सगळी आळी आली. काठपदराची लुगडी, गजरे, हातात तबकं. पुढं माझी आई. बांगड्या वाजल्या आणि पाण्यावरची बदकं एकजात उडाली.

सर दुर्बीण खाली घेऊन म्हणाले, "वा! बदकांची ओटी भरायला आलात वाटतं?"

शहरातली मंडळी हसली. आईला काही कळलं नाही. तिनं तिळगूळ पुढं केला. सरांनी तो घेतला नाही. म्हणाले, "मावशी, घरात बी.एस्सी. मुलगी आहे ना? तिला विचारायचं होतं. का तिलाही हेच शिकवलं कॉलेजात?"

पुन्हा हशा. आई म्हणाली, "चुकलं आमचं," आणि पदर सावरून मागं वळली. घरी गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या सायबापुढं तुला मान खाली घालाया लावली बघ आमी."

म्हणजे तिला वाटत होतं, चूक तिचीच. त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस आमच्या दारात येईल. स्वतःच्या पायांनी.

मी गट सोडला नाही. सोडला असता तर त्यांना पत्ताही लागला नसता. दर वर्षी मोजणीला गेले. एस.टी.नं उजनीकाठी गेले, मासेमारांच्या घरी भाकरी खाल्ली, त्यांचं पाणी समजून घेतलं. इकडं डंपर येऊन आमच्या पाणकणसांत राडारोडा ओतायला लागले. आळीतल्या बायका डंपरला आडव्या उभ्या राहिल्या. एक कोपरा बुजला, बाकीचं पाणी त्यांनी राखलं. सर जानेवारीत टोपी घालून यायचे आणि दुपारी जायचे.

अखेर भागीदारीचा मसुदा झाला. नदीकाठच्या तीन जिल्ह्यांतली मंडळी शहरात एका सभागृहात बसली. सरांनी वाचून दाखवलं. भागीदार म्हणून पक्षिमित्रांचे गट, आणि खाली एक ओळ, 'स्थानिकांचे सहकार्य घेतले जाईल.'

उजनीचा एक मासेमार उठला. "स्थानिक म्हंजे कोन वो? आमीच का? मंग नाव लिवा की. का आमाला नावं न्हाईत?"

लोक हसले. या वेळी हसणारे वेगळे होते. मी उभी राहिले.

"आमच्या पाणथळीवर जायची वाट आमच्या आळीच्या वावरांतून जाते. ती आजपासून बंद."

"मॅडम, ही अडवणूक आहे."

"हो. अडवणूकच आहे."

सरांनी चष्मा काढून पुसला. "काय पाहिजे तुम्हाला?"

"भागीदारांत आमच्या बायकांचं नाव. आणि येत्या संक्रांतीला नदीकाठी खरंखुरं हळदीकुंकू. बोलावणं तुम्ही करायचं. घरोघर."

"मी? अहो, बायकांचा कार्यक्रम तो. मिसेसना पाठवतो."

"नको. त्या हसल्या नव्हत्या."

संक्रांतीआधी सर आले. इस्त्रीचा झब्बा घालून आले. मी मागं मागं होते. गरज काही नव्हती, मला बघायचं होतं. पहिल्याच दारात कुत्रं अंगावर आलं. सर उंबऱ्याबाहेरून पुटपुटले, "आपण... हळदीकुंकवाला यावं... नदीवर." आतून शेजारीण ओरडली, "आवं आत्याबाई, या की भायेर! बाप्या मानूस हळदीकुंकवाचं बोलावणं करतोय!" अख्खी आळी दारात. सरांचे कान लाल. ते वळले तशी मी म्हटलं, "सर, वेळ सांगायची राहिली." परत पाठवलं.

आमचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. आईनं त्यांना ओळखलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. सर म्हणाले, "मागे एकदा जरा... बोलण्याच्या ओघात..."

"ते ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "वाण काय लुटताय?"

"वाण?"

"बोलावणं करील त्यानं वाण द्याया लागतं. बायकांना मोकळ्या हातानं लावून देत न्हाईत."

हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"काय देतात साधारण?"

"कामाचं कायतरी. दुर्बिणी द्या. डंपर लांबनं दिसला पायजे."

गटाच्या दुर्बिणी पेठेत कुलपात असायच्या. त्या आमच्या आळीत आल्या, दोन घरांत एक. मसुद्यातली ती 'स्थानिकांची' ओळ खोडली गेली आणि मासेमारांचं नि आमच्या बायकांचं नाव पक्षिमित्रांच्या रांगेत चढलं. सही करून पेनाचं टोपण लावता लावता सरांनी विचारलं, "आता झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच झालं नव्हतं. अजूनही नाही. दर जानेवारीत ते मोजणीला येतात, आमच्या दारात थांबून वाट उघडून मागतात. आई त्यांना बसवून चहा देते. मी देत नाही.